भट्टीवरची नानखटाई

रमजानचे वीस रोजे सरले आणि शेवटचा अशरा लागला की घराघरांत दोन हिशेब सुरू होतात. एक कपड्यांचा, दुसरा डब्यांचा. कपड्यांची तारीख शिंप्याच्या हातात असते आणि डब्यांची भट्टीवाल्याच्या. शेवया, खारीक, चारोळी बाजारातून येते, शीरखुर्मा ईदच्या पहाटे घरच्या चुलीवर होतो. पण डबा भरायचा तर नानखटाई लागते, आणि नानखटाई पिढ्यान् पिढ्या घरच्या चुलीवर झालेली नाही. ती भट्टीवर होते.

चिखली-खामगाव रस्त्यावरचे अमडापूर पंचक्रोशीला माहीत आहे ते टेकडीवरच्या बल्लाळदेवीमुळे. अशा गावांत रोजच्या स्वयंपाकाला भट्टी कधीच नव्हती. भाकर तव्यावर आणि पोळीही तव्यावर. चारी बाजूंनी सारखी उष्णता देणारी जागा म्हणजे पाववाल्याची विटांची, घुमटासारखी भट्टी. म्हणून घरच्या बाया मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलचीची पुडी पिशवीत घालून तिथे जातात. कुठे भट्टीवालाच पीठ फेटून देतो, कुठे बाया घरून गोळे वळून आणतात. मजुरी किलोवर. एका किलो मैद्यात साखर-तूप धरून अडीच किलोच्या आसपास माल होतो आणि मध्यम आकाराची शंभरेक नानखटाई निघते. पाहुण्यांचा राबता असलेल्या घरात तेवढी बासी ईदलाच संपते.

भट्टीचे स्वतःचे एक वेळापत्रक असते. लाकडे जळून निखारे बाजूला ओढले की पहिली धग फार कडक असते, ती पावाची. नानखटाईचा घाणा तेव्हा आत गेला तर वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. पाव निघून धग थोडी उतरली की मग नानखटाईची पाळी. त्याही नंतरची, रात्रभर रेंगाळणारी मंद ऊब टोस्ट वाळवायला. म्हणजे दिवसातले मोजके दोन-तीन तास नानखटाईचे, आणि शेवटच्या अशऱ्यात त्या दोन-तीन तासांवर सगळ्या गावाचा डोळा. त्यामुळे तराविहनंतरही भट्टीपाशी पत्रे रांगेत दिसतात. पत्रे सगळे सारखेच, मग ओळखायचे कसे? कुणी मधोमध चारोळीचे दोन दाणे लावते, कुणी पिस्त्याची कातळी, कुणी नुसता अंगठा दाबते, कुणी काट्याने फुलीची खूण करते. ईदच्या दिवशी ताटातल्या खुणेवरूनच जाणकार बाई सांगते, ही कोणाच्या घरची.

नावाबद्दल बरेच गैरसमज आहेत. मराठीत कुणी ‘नानकटाई’ लिहितात, कुणी ‘नानखटाई’. पहिल्यात कापण्याचा संबंध नाही आणि दुसऱ्यात आंबटपणाचा नाही. फारसीत ‘नान’ म्हणजे रोटी, आणि ‘ख़ता’ हे उत्तर चीनचे जुने नाव. युरोपीय ज्याला ‘कॅथे’ म्हणत, तोच प्रदेश. उर्दूच्या जुन्या शब्दकोशांत ‘नान-ख़ताई’चा अर्थ ख़ता देशाची रोटी असाच दिला आहे. उर्दूत ‘ख़ता’ म्हणजे चूकही होते, त्यामुळे विद्यार्थी हमखास विचारतात की ही चुकून झालेली रोटी का? तसे नाही, दोन्ही शब्दांचा उच्चार तेवढा सारखा. आता ही वस्तू खरोखर चीनकडून आली का, हा प्रश्न वेगळा. लांबून आलेल्या चांगल्या मालाला लांबच्या देशाचे नाव चिकटते. आपण बारीक पांढऱ्या साखरेला ‘चिनी’ म्हणतोच की.

तिचा हिंदुस्थानातला पत्ता मात्र बहुतेक जण सुरतेचा सांगतात. तापीकाठच्या या बंदरात डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी पुढे पारशी कारागिरांच्या हाती आली, अशी हकीकत तिथे सांगितली जाते. तेव्हा पीठ फुगवायला ताडी वापरत, गोव्यातले पोदेरही वापरत. डच गेले, गिऱ्हाईक आटले, ताडीचा पाव धर्मभावनेमुळे अनेकांना चालेना. मग कारागिरांनी ताडी वगळली, अंडे वगळले, तूप-साखर वाढवली आणि सगळ्यांना चालेल असा खुसखुशीत प्रकार काढला. या कथेतला प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध आहे असे नाही. पण तिच्यातले व्यवहारज्ञान अगदी खरे आहे. ज्यात ताडी नाही आणि अंडे नाही, ते मुसलमानाच्या घरी चालते, जैनाच्या दुकानात चालते आणि वारकऱ्याच्या घरीही चालते.

हा मुद्दा अमडापूरसारख्या गावात आजही रोजच्या जगण्यातला आहे. ईदला ज्यांच्याकडे मटणाचा डबा जाऊ शकत नाही, त्या घरी नानखटाईचे ताट जाते. माळकरी काकूंना ताट पाठवायचे असेल तर भाभी घरचाच पत्रा घेऊन भट्टीवर जाते किंवा पत्र्यावर कोरा कागद अंथरते, कारण त्याच पत्र्यावर सकाळी अंड्याचे काही भाजले गेले असेल, हे तिला माहीत असते. काकूंनी तसे कधी विचारलेले नसते. विचारावे लागू नये यासाठीच तो कागद असतो.

स्वयंपाक करणारी रोजेदार असते आणि जे करते ते तिला चाखता येत नाही. मीठ कमी-जास्त झाले हे तिला मगरिबच्या अजानीनंतरच कळते. हनफी फिक्हच्या जुन्या ग्रंथांत याचा विचार झालेला आहे. विनाकारण चव घेणे मकरूह, पण गरज असेल तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकण्यास मुभा. आणि गरजेचे उदाहरण काय दिले आहे? नवरा तापट असेल तर! शेकडो वर्षांपूर्वीच्या आलिमांना स्वयंपाकघरातले राजकारण चांगले ठाऊक होते, एवढे त्यावरून दिसते. बहुतेक बाया ही मुभा वापरत नाहीत, हातावर भरवसा ठेवतात. नानखटाईत तर चाखून काही साधतही नाही. कच्चे पीठ गोडच लागते. ती खुसखुशीत होणार की दगड, हे जीभ सांगू शकत नाही. ते सांगते माप.

म्हणून माप नीट सांगायला हवे. घरच्यासाठी पाव किलो मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, पन्नास ग्रॅम बारीक रवा, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, दीडशे ग्रॅम साजूक तूप, पाव चमचा खायचा सोडा, एक चमचा दही, वेलची आणि किंचित जायफळ. तूप थिजलेले हवे, पातळ नको. मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात दुपारी तूप थिजलेले सापडणे कठीण, म्हणून शहाण्या बाया सहेरीनंतर, फजरची नमाज आटोपली की फेटायला बसतात, परातीखाली गार पाण्याचे दुसरे भांडे ठेवून. तूप-साखर पांढरीशुभ्र आणि हलकी होईपर्यंत तळहाताने फेटायची. दही, वेलची-जायफळ त्यातच घालायचे. मग सोड्यासह चाळलेला मैदा, बेसन, रवा घालून फक्त गोळा करायचा. मळायचे नाही. मळले की मैद्यातला चिकटपणा जागा होतो आणि नानखटाई चिवट होते. तुपाचे काम हेच, पिठाच्या कणाकणाला वेढून तो चिकटपणा होऊ न देणे.

सोड्याची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. पावाच्या पिठाला खमीर लागते आणि ते चढायला तास जातात. नानखटाईला तेवढा वेळ नको. दह्याचा आंबटपणा मिळाला की सोडा लगेच वायू सोडू लागतो आणि भट्टीची उष्णता लागली की उरलेलाही सोडतो. तो वायू तुपाच्या फेसात अडकतो, गोळा पसरतो आणि माथ्यावर तडे जातात. ते तडे हीच तिची शोभा. पण सोडा जास्त पडला तर मागे धुण्याच्या सोड्यासारखा क्षार उरतो आणि तोंडात साबणाची चव येते. गावात पहिल्यांदा नानखटाई करणाऱ्या सुना बहुधा इथेच फसतात. फुगावी म्हणून सोडा वाढवतात.

भाजायचे तर १६० ते १७० अंशांवर साधारण वीस मिनिटे. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून, दहा मिनिटे तापवून मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. बाहेर काढताना ती मऊच लागते, म्हणून पुन्हा आत ढकलण्याचा मोह होतो, तो टाळावा. गार झाली की आपोआप कडक होते. गरम असताना डब्यात भरली तर वाफेने सादळते.

खरा पेच तुपाचा आहे. साजूक तुपाचा भाव पाहिला की मध्यम घरातही हात थांबतो. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि त्याचे नाव सगळ्याच वनस्पती तुपाचे नाव होऊन बसले. भट्टीवरची नानखटाई दीर्घकाळ त्याच्यावरच झाली, आणि खरे सांगायचे तर खुसखुशीतपणा त्यात छानच येतो. पण त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता निर्विवाद आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. सुटे, नाव नसलेले वनस्पती तूप घेताना ही मर्यादा पाळली आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? त्यापेक्षा दोन किलोंच्या जागी एकच किलो करावी, पण घरच्या लोण्याच्या तुपात करावी. डबा लवकर रिकामा झाला तरी पाहुणे रागावत नाहीत.

भट्टीपुढचा प्रश्न आणखी मोठा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेसाठी ते गरजेचेच आहे. दिवसभर धुरात उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या छातीसाठी तर अधिकच. हा आदेश मुंबईपुरता आहे, बुलढाण्याच्या भट्ट्यांना तो लागू नाही. पण लाकूड महाग झाले आहे, कारागिरांची मुले त्या कामाला उभी राहत नाहीत, आणि बंद पुड्यातली नानखटाई किराणा दुकानात बारा महिने मिळते. नव्या घरांत छोटा विजेचा ओव्हन येतो. एकावेळी वीस निघतात, सोय आहे, कुणाची वाट पाहायला नको. फक्त भट्टीच्या रांगेत होणारी बायांची भेट तेवढी जाते. वर्षभर माजघरात असणारी एखादी म्हातारी त्या रांगेत तासभर बसायची, आणि कुणाच्या मुलीचे कुठे जमले हे सगळे तिला तिथे कळायचे.

त्याच दिवसांत घरात गव्हाचा आणखी एक हिशेब असतो, तो फितऱ्याचा. ईदच्या नमाजीपूर्वी गरिबाच्या हाती पोचला पाहिजे असा हा सदका. हनफी मतानुसार माणशी अर्धा साअ गहू किंवा त्याची किंमत. आजच्या मापात कुणी तो १ किलो ६३३ ग्रॅम धरतात, कुणी २ किलो ४५ ग्रॅम. सहा माणसांच्या घराचा म्हणजे दहा ते बारा किलो गहू. लहानग्यांचा बाप देतो, ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचाही देतो. उद्देश एवढाच की त्या दिवशी कुणाला हात पसरावा लागू नये. बऱ्याच जणांची सवय अशी की फितरा चाँदरातीच्या घाईत, उशिरा काढायचा. नियमाने तो वेळेत पोचतो, पण ज्या घरी तो जातो त्या घराची भट्टीची पाळी तोवर निघून गेलेली असते. तेच पैसे पंचविसाव्या रोज्याला दिले तर तिथेही मैदा येतो, पत्रा लागतो, आणि पोरे भट्टीवर आपली खूण ओळखायला धावतात. आधी द्यायला शरियतची हरकत नाही. अडते ती आपली सवय.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे भट्टीने सगळे ऋतू पाहिले आहेत. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती. यात चमत्कार नाही. लक्ष्मीपूजन अवसेला आणि ईद अवसेनंतरच्या चंद्रकोरीला. महिना जुळला की सण शेजारी येणारच. त्या वर्षी भट्ट्यांवर दिवाळीची नानखटाई आणि ईदची नानखटाई एकाच धगीवर भाजली गेली. अलीकडे तीच जवळीक पाडव्याशी झाली. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला, २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला. नानखटाईचे ताट काकूंकडे गेले की ते रिकामे परत येत नाही, हा गावचा रिवाज. या दोन वर्षांत ते परत आले तेव्हा त्यात गुढीवरून उतरवलेली साखरेची गाठी होती. दिवाळीचा योग पुन्हा यायला २०३७ साल उजाडेल. तोवर कोणकोणत्या गावांत भट्टी पेटती राहते, ते पाहायचे.