फूल नव्हे, पान!

घटपर्णीच्या सुरईला पुष्कळजण फूल समजतात. आम्हा कवींचाही तोच घोटाळा! ती सुरई म्हणजे पानाचेच टोक. किडे काठावरून घसरतात, आतल्या पाण्यात बुडतात आणि पचून जातात. कासच्या पठारावर दवबिंदू, सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती भेटतात. सुरईवाली नेपेंथिस मात्र भारतात एकाच जातीची, नेपेंथिस खासियाना, आणि तिचे घर मेघालय. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. शास्त्रीय नाव १८७३ मधले, हूकरसाहेबांनी दिलेले.

ओळखताना फसगत होते ती अशी. नेपेंथिसच्या एकाच वेलीवर बहुधा दोन तऱ्हांच्या सुरया लागतात. जमिनीलगतची बुटकी, पुढे झालरीचे दोन पंख असलेली; उंचावरची सडपातळ, पंखांच्या जागी नुसत्या रेघा. पाहणाऱ्याला वाटते, नवी जात सापडली! अशा वेळी सुरईला धरणारा तणावा पाहावा. खालच्या सुरईला तो पुढून जुळतो, वरच्या सुरईला मागून. रंगावर जाऊ नये, तो ऊन-सावलीने बदलतो.

'दुर्मीळ' असा बोभाटा झाला की वेल उपटणारे पोहोचतातच. सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचे नाव आहे, तरी! म्हणून शंका आली तर वेल जागेवरच, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत पाहावी. तोडून आणलेल्या एका सुरईवरून काही ठरत नाही.