कापडातली माया

कोऱ्या कापडावर खडूची रेघ ओढून झाल्यावर कात्री चालवण्यापूर्वी कसलेला शिंपी जो क्षणभर थांबतो, त्या क्षणात त्याच्या व्यवसायाची सारी जोखीम साठलेली असते. कारण तयार कपड्यांच्या दुकानदाराला एक सदरा पसंत पडला नाही तर दुसरा दाखवता येतो, परंतु गिऱ्हाइकाने स्वतःचे कापड आणून, स्वतःच्या अंगाचे माप देऊन, विवक्षित दिवसासाठी सांगितलेले काम बिघडले, तर त्याच्या जागी ठेवायला दुसरी वस्तू दुकानात नसते.

सोनार आणि शिंपी यांच्याविषयी अविश्वास दाखवणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत रूढ झाल्या, त्यांच्या मुळाशी मला हीच अस्वस्थता दिसते. आपला ऐवज दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावर त्याचे काय होत आहे, हे मालकाला दिसत नाही. कायद्यानेही हे नाते वेगळे मानले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अशा सोपवणुकीला ‘निक्षेप’ म्हटले जाते, आणि सामान्य विवेकाचा मनुष्य स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी हाती आलेल्या मालाची घ्यावी, असा दंडक त्याच्या १५१ व्या कलमाने घालून दिला आहे. मजुरी मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला १७० व्या कलमाने दिला आहे, आणि तेथील एक दाखला शिंप्याकडे कोट शिवायला दिलेल्या कापडाचाही आहे; त्यात शिंप्याने मजुरीची उधारी कबूल केल्यामुळे त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. शिवाय ज्या हेतूने माल सोपवला त्या हेतूनुसार काम झाले असेल, तरच हा हक्क उत्पन्न होतो. बिघडलेला कपडा हातात धरून पूर्ण शिलाईचा तगादा लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता एक प्रसंग कल्पावा. ऐन लगीनसराईत एका वधूच्या आईने पैठणीला जोडून आलेला ब्लाऊजपीस शिवायला दिला. बाह्यांना जरीचा काठ यावा असे ठरले. आणि कामाच्या गर्दीत कारागिराने काठाचा भाग पाठीत बेतून टाकला. रेशमी कापड उसवले तरी सुईची छिद्रे मागे राहतात, आणि तोकड्या पिसात दुसऱ्या बाह्यांपुरते कापड उरत नाही. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो लपवण्याचा: शिवून ठेवावे, नेण्याच्या दिवशी पाहू, कदाचित बाईंच्या लक्षात येणार नाही. या विचाराला थारा देणे ही मूळ चुकीहून मोठी चूक होय. कारण लग्नाला आठ दिवस असताना जी चूक दुरुस्त होऊ शकते, तीच आदल्या संध्याकाळी उघडकीस आली म्हणजे तिला इलाज राहत नाही.

म्हणून दुकानमालकाने त्याच दिवशी स्वतः निरोप द्यावा, आणि बोलताना कारागिराला पुढे न करता ‘ताई, आमच्या हातून चूक झाली आहे’ एवढे वाक्य आधी उच्चारावे. त्यापाठोपाठ उपाय समोर ठेवावेत: साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाचा पट्टा, त्यांची संमती असेल तरच, कापून बाह्यांना लावता येईल, किंवा जुळत्या रंगाचे रेशीम दुकानाच्या खर्चाने आणून नवा ब्लाऊज शिवता येईल, किंवा शिलाई न घेता कापडाची किंमत भरून देता येईल. निवड मात्र त्यांची असावी, कारण कापड त्यांचे आहे आणि मंगलकार्यही त्यांचे आहे. जे ठरेल ते नव्या तारखेसह पावतीवर लिहून द्यावे.

तक्रारीचे प्रत्येक कारण दुकानातच असते असेही नाही. गिऱ्हाइकाने नमुन्यासाठी दिलेला जुना ब्लाऊजच घट्ट असतो, कोरे सुती कापड न भिजवता शिवून घेण्याची घाई त्यांचीच असते, आणि गळ्याची खोली तोंडी सांगितलेली असल्याने दोघांच्या स्मरणात दोन निरनिराळे आकडे राहतात. येथे वाद जिंकण्यापेक्षा वादाला जागाच न ठेवणे श्रेयस्कर. छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंडघेर, पुढचा-मागचा गळा यांची मापे नोंदवहीत लिहून ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवावीत, गळ्याचा आकार रेखाटावा, कापडाचा लहानसा तुकडा पावतीला टाचावा, आणि मौल्यवान वस्त्र असेल तर आधी कच्ची टीप घालून ते अंगावर पाहावे. एवढी खातरजमा केल्यावर कोणाची कसूर किती, हे नोंदवहीच सांगते.

नगावर काम करणाऱ्या कारागिराच्या मजुरीतून प्रत्येक बिघाडाचे पैसे कापण्याची रीत पुष्कळ दुकानांत आहे, आणि ती मला घातक वाटते. ज्याला चूक कबूल करताच दिवसाची कमाई गमवावी लागते तो चूक झाकायला शिकतो, आणि झाकलेली चूक अखेर गिऱ्हाइकाच्याच हाती पडते.

२० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तसेच सदोष माल किंवा न्यून सेवा यांबद्दल घेतलेले पैसे पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे हीदेखील. गिऱ्हाइकाला जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. परंतु लहान दुकानाचा खरा न्यायनिवाडा गल्लीतच होतो: चूक झाल्यावर तेथे कसे वागवले गेले, हे हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींना सांगतात, आणि पुढच्या हंगामाचे काम त्या सांगण्यावर ठरते.

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. माप चुकले, अंग भरले, तरी माया सोडलेली असली म्हणजे वस्त्र वाया जात नाही. चार टाके उसवून ते सैल करता येते. तीच माया मुदतीत दोन दिवसांची, दरात थोड्या नुकसानीची आणि बोलण्यात समोरच्याच्या दुःखाची ठेवावी. माणसाच्या हातून काम होते तेथे चूक होणारच. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे की, कात्री लावण्यापूर्वी माया सोडा.