आठ बारांची सूट कोणी दिली?

जिंगलचं रेकॉर्डिंग चालू असलं आणि कोणाला तरी चाल ओळखीची वाटली, की स्टुडिओतला एखादा अनुभवी गृहस्थ हमखास सांगतो, "घाबरू नका हो, सलग आठ बार जुळले तरच चोरी धरतात." हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते वाक्य सुरू होताच चहाला बाहेर पडतो. गंमत अशी की आकडा कधीच एक नसतो. कोणाचे आठ बार, कोणाचे सात सूर, कोणाचे चारच. यूट्यूब आल्यापासून हिशोब सेकंदांत होतो: पंधरा म्हणणारे आहेत, तीस म्हणणारेही आहेत. एका कीबोर्डवाल्याने तर उचललेल्या ओळीत सहावा सूर तेवढा कोमल केला आणि "सुटलो" म्हणून मोकळा झाला.

जरा मोजून तर पाहा. चार मात्रांचा एक बार धरला तर आठ बार म्हणजे ३२ मात्रा, तीनतालाची दोन आवर्तनं. कितीतरी गाण्यांचा अख्खा मुखडा तेवढ्यात बसतो. लोकांच्या ओठांवर राहतो तोही मुखडाच. कायद्याने नेमका तोच फुकट वाटून टाकला असेल, असं आपल्याला खरंच वाटतं?

भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात सूर, मात्रा, बार, सेकंद असा एकही सवलतीचा आकडा नाही. कलम १४ बोलतं ते कृतीबद्दल आणि तिच्या 'भरीव भागा'बद्दल. भरीव म्हणजे किती, हे कायदा फूटपट्टीने सांगत नाही. ते न्यायालय ठरवतं, आणि ठरवताना लांबीपेक्षा वजन पाहतं. २००८ साली 'क्रेझी ४' चित्रपटाच्या गाण्यांवरून संगीतकार राम संपत मुंबई उच्च न्यायालयात गेले. आपण एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेली धून त्यात वापरली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. धून जाहिरातीची, म्हणजे इवलीशीच. तरी न्यायालयाने विचार केला तो घेतलेला भाग मूळ कृतीचा गाभा आहे का, याचा. चित्रपट प्रदर्शनाच्या उंबरठ्यावर अडला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. दोन कोटी रुपये दिले गेल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे छापून आल्या होत्या.

'इकडचं सोडा, तिकडे तरी आठ बारांचा नियम असेलच' असं म्हणणाऱ्यांसाठी तिकडचंही सांगतो. १९३४ साली इंग्लंडमध्ये 'कर्नल बोगी' या लष्करी कूचगीताचा खटला झाला. एका शाळेच्या उद्घाटनाच्या बातमीपटात बँडवर हे कूचगीत ऐकू येत होतं. मूळ रचना चार मिनिटांची, बातमीपटात वाजली ती २० सेकंद. न्यायालय म्हणालं, हा भरीव भागच आहे, कारण ऐकणारा कोणीही हे गाणं ओळखेल.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून बोलकी आहे. मेरियन सिंक्लेअर या बाईंनी १९३४ साली गर्ल गाइड्सच्या स्पर्धेसाठी कूकाबरा पक्ष्यावर मुलांचं गाणं केलं. सगळं मिळून चार बारांचं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'मेन अॅट वर्क' या बँडचं 'डाउन अंडर' जगभर गाजलं. त्यातल्या बासरीच्या तुकड्यात कूकाबराचे दोन बार होते. पंचवीसेक वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग २००७ साली टीव्हीवरच्या एका संगीत-कोड्यांच्या कार्यक्रमात 'या बासरीत कोणतं बालगीत लपलंय?' असा प्रश्न आला, आणि कूकाबराचे हक्क विकत घेऊन बसलेली प्रकाशन संस्था जागी झाली. २०१० साली निकाल तिच्या बाजूने लागला. दोनच बार होते, पण मूळ गाण्याचे ते निम्मे होते. भरपाई मात्र मागितली तेवढी मिळाली नाही: मागणी ४० ते ६० टक्क्यांची, हाती आले २००२ पासूनच्या उत्पन्नाचे ५ टक्के. हा निकाल मला स्वतःला कोता वाटतो. बासरीवादकाने सहज केलेली ती एक गंमत होती. पण आठ बारांच्या सवलतीचं थडगं बांधायला तो पुरेसा आहे.

मग थोडे सूर जुळले की चोरी, असा उलटा नियम आहे का? तोही नाही. यासाठी जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड'चा खटला पाहावा. फिर्याद होती 'शिफॉन्स' या गायनगटाच्या १९६३ सालच्या 'हीज सो फाइन' या गाण्याच्या मालकांची. त्या गाण्याचा सांगाडा आपल्या सरगमात लिहिला तर असा: 'प ग रे' हा तुकडा चार वेळा, मग 'प ध सां ध सां' हा तुकडा चार वेळा. यातला पहिला तुकडा कोणाच्या मालकीचा असेल? हार्मोनियम शिकणारं पोरही महिन्याभरात तो वाजवतं. न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनाही ते मान्य होतं (ते स्वतः ऑपेरा लिहिणारे संगीतकार होते, हे वकिलांना किती जड गेलं असेल!). त्यांचा मुद्दा वेगळा होता. तुकडे साधे असले तरी एकाची चारदा आवृत्ती आणि लगेच दुसऱ्याची आवृत्ती, ही मांडणी साधी नाही. दुसऱ्या तुकड्याच्या एका आवृत्तीत मूळ गाण्यात जो एक सूर निसटता येतो, तोही हॅरिसनच्या गाण्यात त्याच जागी सापडला. हॅरिसनने जाणूनबुजून चोरलं असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. ऐकलेलं गाणं नकळत मनात मुरून बाहेर आलं, असा १९७६ चा निष्कर्ष आहे. 'मी मुद्दाम केलं नाही' हे उत्तर चालत नाही, ते इथेच कळतं.

म्हणजे पाहायचं ते हे: काय घेतलं, मूळ गाण्यात त्याचं वजन किती, आणि घेणाऱ्याच्या कानावर ते आधी पडलं होतं का. यातलं काहीच बोटांवर मोजता येत नाही.

आता बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

'राग एकच, म्हणजे चाल चोरलेली.' भूप आणि देशकार यांचे पाचही सूर तेच, तरी एकाला दुसरा म्हणालात तर गुरुजी उठवून लावतील. रागावर मालकी कोणाची नसते, रागातल्या बंदिशीवर असू शकते. 'वीरा राजा वीरा' या चित्रपटगीतावरून डागर घराण्याने केलेल्या दाव्यात एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी हाच फरक केला होता. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो अंतरिम आदेश रद्द केला, पण मूळ बंदिश कोणाची हे पुरेसं सिद्ध होत नाही म्हणून.

'परदेशी चाल घेतली तर इथे कोण विचारतो?' परदेशी कृतींनाही इथे संरक्षण देणाऱ्या बर्न करारात भारत १९२८ पासून आहे.

'सलिल चौधरींनी मोझार्ट ढापला.' 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून आलं, यात शंका नाही. पण मोझार्ट १७९१ साली गेला. आपल्याकडे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्या गाण्याला उसनवारी म्हणा, चोरी म्हणू नका.

'मूळ संगीतकाराचं नाव दिलं की झालं.' श्रेय देणं हा सभ्यपणा आहे, ती परवानगी नव्हे. हा समज आपल्याकडे का रुजला ते मात्र कळतं. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असत. किर्लोस्करांपासूनची ही पद्धत. बखलेबुवांनी 'स्वयंवर'ची पदं ख्यालाच्या बंदिशींवर बांधली आणि गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमाना'त पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग आणला, तेव्हा कोणी कोणाला कोर्टात खेचलं नाही. उसनी चाल तिथे उघड्यावर असे, आणि बरीचशी परंपरेची असे.

'देवाचं गाणं आहे, त्याला कसला कायदा?' हे अर्धं खरं आहे. धार्मिक विधीत किंवा लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तेव्हा भजनी मंडळाने काकड्याला सिनेमाच्या चालीवर अभंग म्हटला तर खुशाल म्हणावा. तोच अभंग रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकायचा असेल, तर ज्याची चाल आहे त्याच्याकडून आधी परवानगी आणावी लागते. आठ बारांच्या आत आवरला तरीही.