बुडालेल्या झाडापाशी गळ

तलावात किंवा नदीच्या डोहात उभे असलेले वाळके झाड तुम्ही पाहिले असेल. पान नाही, साल नाही. नुसते खोड आणि चार फांद्या. वर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो. तो पंख वाळवीत असतो हे खरे, पण त्याचे जेवणही तेथेच खाली पोहत असते. पाणकावळ्याला हे कोणी शाळेत शिकविले नाही. आम्ही मात्र जन्मभर शाळेत शिकविले, आणि आम्हांला ते साठी उलटल्यावर कळले.

अशी झाडे पाण्यात येतात कशी? चामोर्शी तालुक्यात रेगडीजवळ दिना नदी अडवून कन्नमवार जलाशय झाला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कोठेही असे पाणी अडविले की मागची जमीन बुडते. तेथे जी झाडे तोडायची राहतात, ती उभ्या उभ्या मरतात. आपल्या भागातल्या मामा तलावांतही, म्हणजे माजी मालगुजारी तलावांतही, काठचे एखादे झाड पाण्यात जाते. आणि बांडियासारख्या रानातल्या नदीला पूर आला, की उन्मळलेली झाडे वाहत येऊन डोहात अडकतात.

झाड मेले, पण त्याचे काम संपले नाही. बुडालेल्या लाकडावर शेवाळ धरते. शेवाळावर बारीक किडे जगतात. किडे खायला झिंगे आणि बोटाएवढे मासे येतात. फांद्यांच्या जाळीत त्यांना लपायला जागा मिळते. मग त्यांना खायला मोठा मासा येतो. दुपारी ऊन तापले की खोडाची सावली असते. नदीत खोडाच्या आडोशाला धार मंद असते, तेथे माशाला फार पोहावे लागत नाही. घर, सावली आणि जेवण, सगळे एके ठिकाणी. मग मासा उघड्या पाण्यात कशाला भटकेल?

पण तेथे जाळे टाकता येत नाही. फांदीत अडकून फाटते. तेथे गळच हवा. आणि काठावरून गळ तेथवर पोचत नाही, म्हणून डोंगा हवा. खरा धोका डोंग्यातच आहे. म्हणून गळाआधी डोंग्याचे सांगतो.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर. तो जातीचा ढिवर, पाण्यातच वाढलेला. शाळेत मागच्या बाकावर बसायचा. त्या दिवशी मात्र मास्तर तो आणि विद्यार्थी आम्ही. तो म्हणाला, "गुरुजी, दोर मी बांधतो. तुमी बसून राहा." आम्ही ऐकले नाही. आम्ही वाऱ्याच्या बाजूने झाडाशी गेलो आणि जाड फांदीला दोराची पक्की गाठ मारली. वाटले, चांगले घट्ट झाले. थोड्या वेळाने वारा वाढला. डोंगा आडवा झाला आणि खोडावर आपटू लागला. एक कड खाली गेली, पाणी आत आले. गाठ ओली होऊन आवळली होती, ती सुटेना. आम्हांला पोहता येत नाही. विद्यार्थ्याने कोयत्याने दोर तोडला, तेव्हा डोंगा सरळ झाला. मग दोघांनी डब्याने पाणी उपसले. तो आम्हांला एक शब्द बोलला नाही. आम्ही मात्र त्याला शाळेत याहून लहान चुकीसाठी उभे केले होते.

तेव्हा हे नीट ध्यानात घ्या. वारा कोणीकडून येतो ते आधी पाहा. चिमूटभर कोरडी माती वर सोडली की समजते. वारा तोंडावर घेऊन झाडाकडे जा. मग डोंगा आपोआप झाडापासून मागे ढकलला जातो, खोडावर आपटत नाही. दोर बांधायचा तो डोंग्याच्या पुढच्या टोकाचा, आणि गाठ अशी मारायची की एका ओढीत सुटावी. कोयता किंवा सुरी हाताशी ठेवा. फांदीला हात घालण्यापूर्वी वर नजर टाका. वाळक्या झाडावर गांधीलमाश्यांचे पोळे असते, लाल मुंग्या असतात, पाणी चढले की साप फांदीवर येऊन बसतो. कुजलेली फांदी डोक्यावरही पडते. डोंग्यात उभे राहू नका. आभाळात गडगडले की लगेच काठ गाठा. पाण्यातले उंच झाड हे विजेचे आवडते ठिकाण आहे.

तरंगायचे जाकीट मिळाले तर अंगात घाला. नाहीच मिळाले तर घट्ट झाकणाचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे दोरीने बांधून जवळ ठेवा. जाकिटाची सर त्यांना नाही, पण बुडत्याला धरायला काही तरी होते. एकट्याने जाऊ नका.

आता गळ. लांब सरळ बांबूची काठी घ्या. तिला काठीएवढाच दोरा बांधा. दोऱ्याच्या टोकाला बारीक तारेचा लहान गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा लहान मणी. दोऱ्यावर सुक्या बोरूचा बोटभर तुकडा असा बांधा की तो वरखाली सरकवता येईल. तो पाण्यावर तरंगतो. तो हलला की खाली कोणी आले असे समजा.

काठावरून मासेमारी करणारा गळ लांब फेकतो. येथे फेकायचे नाही. काठी पुढे करून गळ खोडाशेजारी सरळ खाली सोडायचा, विहिरीत बादली सोडतो तसा. फेकलेला गळ फांद्यांत आडवा जातो आणि अडकतो. सरळ सोडलेला सरळ वर येतो. आमिष म्हणून गांडूळ किंवा झिंगा पुरे. मरळीसाठी काही लोक बेडूक लावतात. आम्हांला ते पटत नाही. बेडूक धानातले किडे खातो, त्याला तेथेच राहू द्या.

मासा किती खोल आहे हे कसे कळावे? आधी दोन हात खोल सोडा. थोडा वेळ थांबा. काही नाही, तर बोरू सरकवून आणखी एक हात खाली. मग आणखी एक हात. एका खोलीवर मासा लागला की बोरू तेथेच ठेवा. पहाटे आणि सांजेला मासा वर येतो. उन्हात तो खाली, सावलीच्या बाजूला असतो. एका झाडापाशी फार वेळ काही लागले नाही, तर दुसऱ्या झाडाशी चला. आणि आवाज करू नका. वल्हे डोंग्यावर आपटले की ते पाण्याखाली दूरवर ऐकू जाते. विडी ओढणे वेगळे, पण खोकणे आवरा.

गळ लाकडात अडकला तर हिसका देऊ नका. हिसक्याने दोरा तुटतो किंवा गळ सुटून डोळ्याकडे येतो. डोंगा बरोबर गळाच्या वर न्या आणि सावकाश सरळ वर ओढा. बारीक तारेचा गळ वाकून सुटतो. पुन्हा वाकवून कामाला लावा. जाड गळ घेऊ नका म्हणतो ते याचसाठी.

अमेरिकेतही असाच प्रकार आहे. तेथे क्रॅपी नावाचा वीतभर मासा असतो. तो बुडालेल्या झाडांत घोळक्याने राहतो. नवे शिकणारे डोंगीत बसून असाच सरळ गळ सोडतात. क्रॅपी वरचे भक्ष्य लवकर हेरतो, म्हणून आमिष त्याच्या थोडे वरच ठेवतात. त्याच्या तोंडाची कातडी पातळ, म्हणून हिसका न देता हळू उचलतात. देश दूरचा, मासा निराळा, पण झाडाचा गुण तोच.

पाणी कोणाचे हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावाच्या उभ्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज संस्थेला पैसे देऊन आणून सोडावे लागते. न विचारता तो मासा नेणे म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतले धान कापणे. दुसऱ्या बाजूने, २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवरचा गावाचा सामूहिक हक्कही लिहिलेला आहे. आपल्या गावाला तो मिळाला आहे का, हे ग्रामसभेत विचारा. आता तुम्हांला वाचता येते, कागद मागून वाचा.

विष आणि सुरुंग यांबद्दल काय सांगावे! डोहात औषध टाकले की बोटाएवढे पोरही उरत नाही. पुढच्या वर्षी झाड तेथेच असते, पण खाली कोणी नसते.

शेवटी मरळीचे सांगतो. मरळीला कल्ले आहेत, तरी तिला वर येऊन हवा गिळावी लागते. खोडाशेजारी पाणी 'गुडूप' वाजले आणि वर्तुळ उठले, तर तेथे मरळ आहे असे जाणा. प्राणिहितेपलीकडे तेलंगणात तिला कोरमीनू म्हणतात. त्या राज्याने तिला आपला राज्यमासा ठरविले आहे.

पावसाळ्यात कधी कधी पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा दिसतो. शेकडो पिल्ले, एका जागी वळवळत असतात. खाली मायबाप राखण करीत असतात. त्या वेळी जवळ काहीही आले तरी ते त्यावर धावून जातात, म्हणून गळाला फार सहज लागतात. मायबाप उचलले की दुसरे मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात.

आम्ही दुसऱ्या खेपेला गेलो, तेव्हा आम्हांला असा गोळा दिसला. आम्ही घाईने काठी पुढे केली. विद्यार्थ्याने ती हातानेच धरली. "नोको गुरुजी," तो म्हणाला, "लेकरं हायेत तिची." त्याने दोर एका ओढीत सोडला आणि डोंगा पलीकडच्या खोडाकडे नेला. तेथे सांजेपर्यंत बसलो. तीन मासे मिळाले. दोन त्याने नेले, एक आम्हांला दिला.