पाणी भरायचंय? आधी हवा सोडा!

कॅलिफोर्नियाचं वाळवंट, भाड्याची आरव्ही, सोबत लातूरहून आलेले आई-बाबा आणि तीन रात्रींचं बुकिंग. सगळं कसं झक्कास जमून आलं होतं. फक्त गाडीची टाकी पाणी प्यायलाच तयार नव्हती!

थू!

अगदी असाच आवाज झाला आणि गार पाण्याचा फवारा थेट माझ्या तोंडावर आला. मी पाइप बाहेर ओढला, चष्मा पुसला आणि पाइप पुन्हा आत घातला. दहा सेकंद शांतता. मग गाडीच्या पोटातून गुडगुड... आणि पुन्हा थू! माझ्या मागे भलीमोठी गाडी घेऊन उभे असलेले एक अमेरिकन आजोबा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. बायको खिडकीतून विचारत होती, "झालं का रे?" आणि मी, दहा वर्षांचा अनुभव असलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर, एका प्लास्टिकच्या टाकीसमोर ओलाचिंब होऊन उभा होतो.

गोष्ट गेल्या फेब्रुवारीतली. आम्ही आयर्व्हाइनला राहतो, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला आले होते. डिस्नेलँड झालं, समुद्र झाला, देऊळ झालं. आता पुढे काय? तर प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकएन्डला आरव्ही भाड्याने घेऊन जोशुआ ट्री नॅशनल पार्कला जायचा प्लॅन ठरला. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. बेड, गॅस, फ्रिज, टॉयलेट, गीझर, सगळं एका पंचवीस फुटी गाडीत. आपल्याकडेही २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा उद्या कोकणात तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते. म्हणून जरा लक्ष देऊन वाचा!

या गाड्यांना पाणी दोन प्रकारे मिळतं. कॅम्पग्राउंडवर नळाचं कनेक्शन असेल तर पाइप जोडला की काम झालं. टाकीशी संबंधच नाही. पण जिथे नळ नाही, तिथे गाडीच्या पोटातली 'फ्रेश वॉटर'ची टाकी आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप यांच्यावरच सगळा संसार. आम्ही बुक केलेलं जंबो रॉक्स हे कॅम्पग्राउंड दुसऱ्या प्रकारातलं. एकशे वीसच्या वर जागा, आजूबाजूला हत्तीएवढे गुळगुळीत दगड, रात्री आकाशात ताऱ्यांचा खच आणि नळ एकही नाही! अख्ख्या पार्कातल्या कॅम्पग्राउंडपैकी ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड या दोनच ठिकाणी पाण्याची सोय आहे. पिण्यासाठी माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी जवळ ठेवा, असं पार्कवाले बजावून सांगतात. त्यात भांडी, टॉयलेट आणि आईची पहाटेची आंघोळ मिळवा.

आमची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटरची. भाड्याने देणाऱ्यांनी ती एक तृतीयांश भरून दिली होती. उरलेली पार्कच्या अलीकडे युक्का व्हॅलीत भरायची, असं मीच ठरवलं होतं. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, एवढं वजन घरापासून कशाला वाहायचं? हिशेब एकदम परफेक्ट! पण इथे टाकी घोटभर पाणी घ्यायची आणि दोन घोट माझ्या अंगावर उडवायची.

आधी वाटलं, टाकी भरलेलीच असेल आणि मीटर खोटं बोलत असेल. या गाड्यांचे मीटर तसे बदनामच. टाकीच्या भिंतीला लावलेल्या सेन्सरवर थर चढला की रिकामी टाकी 'फुल्ल' दिसते आणि भरलेली रिकामी. पण बेडखालची फळी उचलून पाहिलं तर दुधी प्लास्टिकमधून पाण्याची रेघ स्वच्छ दिसत होती, तळापासून वीतभर. मग गाडीखाली वाकून पाहिलं, ड्रेनची चावी उघडी राहिली नाही ना? नव्हती. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. चाळीस मिनिटं म्युझिक ऐकलं आणि शेवटी एका गोड आवाजाने विचारलं, "सर, तुम्ही नळ सुरू केलाय ना?"

तेवढ्यात बाबा गाडीतून उतरले.

"बाबा, गार वारा आहे. आत बसा," मी म्हणालो. दोन आठवडे मी त्यांना हेच सांगत होतो. बसा. राहू द्या. त्याला हात लावू नका, ते ऑटोमॅटिक आहे. लातुरात तीस वर्षं रेशनचं दुकान चालवलेला माणूस, पण आमच्या अपार्टमेंटमध्ये त्यांना रात्री कचऱ्याची पिशवी खाली टाकून येणं एवढंच काम उरलं होतं. ते कधी काही बोलले नाहीत. पण ती पिशवी अर्धी भरली तरी ते घेऊन जायचे, हे बायकोच्या लक्षात आलं होतं.

"काय करायलास?" त्यांनी विचारलं.

"पाणी भरतोय. जातच नाहीये आत."

"हवा कुठून निघायली?"

"कसली हवा?"

"टाकीतली रे. आत हवा हाय की भरलेली. ती निघाली तर पाणी जाईल ना?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "नरसाळं बाटलीच्या तोंडावर गच्च बसलं की रॉकेल उतरत नाही. बुडबुडे येतात, वर उडतंय. नरसाळं जरासं उचलावं लागतंय."

मंडळी, पुढचा तासभर मी फक्त हेल्पर होतो.

टाकीची भानगड खरंच नरसाळ्याचीच आहे. गाडीच्या बाजूला झाकण उघडलं की पाणी ओतायचं तोंड दिसतं. तिथून सव्वा इंची नळी टाकीत उतरते. पण त्याच तोंडाशी, जरा वरच्या अंगाला, पेन्सिल जाईल एवढं एक भोक असतं. बऱ्याचदा त्यावर बारीक जाळी असते. ते भोक म्हणजे टाकीच्या माथ्यावरून आलेल्या दुसऱ्या, बारीक नळीचं टोक. हवा बाहेर यायचा हा रस्ता. पाणी आत शिरतं तेवढीच हवा इथून बाहेर पडायला हवी. हा रस्ता तुंबला की कोंडलेली हवा पाणी येतंय त्याच नळीतून उलटी वर येते आणि तुमच्या तोंडावर थुंकते!

आपली नळी तुंबलीय की नाही, हे ओळखायची बाबांची टेस्ट सोपी होती. त्यांनी खिशातला टिश्यू पेपर फाडून त्याची पट्टी त्या भोकापुढे धरली आणि मला नळ सुरू करायला सांगितला. हवा येत असती तर पट्टी फडफडली असती. ती ढिम्म हलली नाही.

रस्ता तुंबायची कारणं साधी असतात. वाळवंटात कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात, ती आत मातीचं घर करते. आमची जाळी मात्र स्वच्छ होती. म्हणजे घोटाळा आत कुठेतरी होता. पण ती शोधाशोध करायला वेळ नव्हता, कारण आजोबांनी आता हॉर्न वाजवला होता. गाडी रांगेतून बाहेर काढली आणि जवळचं हार्डवेअरचं दुकान गाठलं.

तिथे कॅम्पिंगच्या रॅकवर एक वस्तू मिळाली. पाइपच्या टोकाला बसणारी छोटी चावी आणि पुढे फूटभर लवचीक नळी. खास याच कामासाठी बनवलेली! बाबांना ती आखूड वाटली. त्यांनी पिण्याच्या पाण्याला चालणारी पारदर्शक नळी चार फूट कापून घेतली आणि तीच चावीला जोडली. आयडिया अशी, की बारीक नळी जाड नळीच्या आतून, वळण ओलांडून थेट टाकीपर्यंत सरकवायची. मग पाणी मधून उतरतं आणि हवा तिच्या भोवतीच्या मोकळ्या जागेतून वर येते. म्हणजेच नरसाळं उचललं! फक्त चावी अर्धीच उघडायची. घाई केली की पुन्हा गुडगुड.

अर्धा तास लागला. बाबा नळीला हात लावून उभे होते आणि मी आतून मीटर वाचत होतो. दोन तृतीयांशचा दिवा लागला, मग 'फुल्ल'चा. शेवटी तोंडातून पाणी शांतपणे ओघळलं तेव्हा बाबांनी चावी बंद केली. "चला," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी जंबो रॉक्सला पोचल्यावर बेडखालची फळी पुन्हा उघडली आणि टॉर्च मारला. हवेची नळी टाकीच्या माथ्यावरून निघून वर जाण्याऐवजी मध्येच खाली लोंबत होती. आधीच्या कुणीतरी तिथे सामान कोंबलं असणार. लोंबलेल्या वळणात पाणी साचलं होतं, सिंकखालच्या यू पाइपमध्ये साचतं तसं. सिंकखाली त्या पाण्याने वास अडतो, इथे हवा अडली होती. इलाज काय, तर नळी उचलून सरळ चढती बांधायची. मी क्लिप शोधत होतो, तोवर आईने बॅगेतून परकराची जादा नाडी काढून दिली. बाबांनी ती फळीखालच्या खिळ्याला अशी बांधली, की नळी टाकीपासून तोंडापर्यंत कुठेही वाकली नाही. भाड्याच्या गाडीत एवढंच करावं. नळी कापणं, क्लॅम्प काढणं वगैरे उद्योग नकोत. फोटो मात्र आधीचा आणि नंतरचा, दोन्ही काढून कंपनीला लगेच पाठवले.

रात्री शेकोटीपाशी शेजारच्या गाडीवाल्याशी गप्पा झाल्या, तेव्हा कळलं की प्रत्येकाकडे टाकीची एक रडकथा असतेच. काही गाड्यांत पाणी ओतायचं तोंड नसतंच, तिथे पाइप जोडून एक खटका 'टँक फिल'वर फिरवावा लागतो. तो 'नॉर्मल'वर राहिला तर तासभर नळ सोडूनही टाकी कोरडी. पाइप जोडतो तिथल्या जाळीत वाळू अडकली तरी धार करंगळीएवढी होते, जाळी काढून धुतली की काम होतं. याच्या उलटही एक आजार आहे. नळाच्या कनेक्शनवर असताना टाकी आपोआप भरत जाते आणि गाडीखालून पाणी वाहायला लागतं. तेव्हा बहुतेक वेळा पंपातला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिलेला असतो. बाहेरचा नळ बंद करून, आतला नळ पूर्ण सोडून पंप मिनिटभर जोरात चालवला तर कधी कधी कचरा निघून जातो. नाही गेला तर व्हॉल्व्ह बदला. आणि अनोळखी नळाला पाइप लावण्याआधी बोर्ड वाचा, प्लीज! घाण पाणी सोडायच्या जागी जो नळ असतो त्यावर 'नॉन-पोटेबल' लिहिलेलं असतं. तो टाकी धुवायचा नळ, प्यायचा नाही.

एवढं पाणी मिळालं तरी आईचा विश्वास नव्हताच. तिने पहिल्याच रात्री पातेली, थर्मास, अगदी कॉफीचा जगसुद्धा भरून ओट्यावर मांडून ठेवला. मी हसलो. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, तेव्हा ती त्याच शहरात होती आणि मी इथे एसीत बसून त्याचे फोटो बघत होतो. त्यामुळे हसू लगेच आवरलं.

दुसऱ्या दिवशी बार्कर डॅमला गेलो. दोन मैलांच्या आतला सोपा ट्रेल. १९००च्या सुमारास गुरं पाळणाऱ्यांनी खडकांच्या खिंडीत पावसाचं पाणी अडवायला हा छोटा बंधारा बांधला आणि १९४९-५० मध्ये बिल कीज नावाच्या तिथल्याच माणसाने त्याची उंची वाढवली. आम्ही गेलो तेव्हा तळाशी जेमतेम डबकं होतं. बाकीचे लोक दगडांचे फोटो काढत होते. बाबा मात्र बंधाऱ्याच्या भिंतीशी उभं राहून जुनं बांधकाम कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते शोधत होते. सापडल्यावर त्यांनी मला हाक मारली. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडीची किल्ली मागितली. चालवायला नाही, पाण्याची पातळी बघायला!

तिसऱ्या दिवशी निघताना टाकी एक तृतीयांशच्या जराशी खाली होती. आईची आंघोळ एकदाही चुकली नाही.

गाडी परत करताना मी मेकॅनिकला फोटो दाखवले आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने फळी उचलली, लाल नाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. परकराला इंग्रजीत काय म्हणायचं? बाबा पुढे झाले आणि त्यांनी पाणी ओतायच्या तोंडाशी असलेल्या त्या छोट्या भोकाकडे बोट दाखवलं. मेकॅनिकने नळ सोडला, भोकापुढे तळहात धरला आणि मान डोलावली. मग त्याने नाडीची गाठ एकदा ओढून पाहिली आणि फळी तशीच लावून टाकली.