थंडीची सुट्टी कुणाला?

मंडळी, चितेगावात पहाटे पारा दहाच्या खाली गेला की आम्हाला हमखास विचारतात, "सर, उत्तरेकडं देतात तशी शाळांना सुट्टी का नको?" आम्ही उलट विचारतो, सुट्टी दिली तर पोरगं जाईल कुठं? आईबाप कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, घर पत्र्याचं, शाळेच्या खोलीपेक्षा गार. शिवाय दुपारची खिचडी बुडते ती वेगळीच.

थंडी बाधते सकाळी सातच्या वाटेवर. म्हणजे प्रश्न तासाचा आहे, दिवसाचा नाही. शासनानं ८ फेब्रुवारी २०२४ला चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, तेही झोपेच्या कारणानं! कारण दुसरं असलं तरी उपाय थंडीलाही लागू पडतो. सकाळच्या सत्रातलं पाचवीचं पोर मात्र, स्वेटर असो-नसो, सातलाच निघतं. आम्हाला खटकतं ते हे.