देवघरातला शाळिग्राम आणि समुद्रातला नॉटिलस



आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम आहे. त्यावरचे चक्र कोणी कोरले, असे मुले विचारतात. "ते विष्णूचे चक्र" या उत्तरावर लहानपणी आमचे समाधान झाले होते. पुढे विज्ञान शिकताना दुसरे उत्तर कळले. पहिल्याचा मान राखून ते येथे सांगत आहोत.

शाळिग्राम नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडतात. हिमालय उंचावण्यापूर्वी तेथे टेथिस नावाचा समुद्र होता व त्यात अमोनाइट हे शंखधारी प्राणी राहत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे शंख गाळात दबले आणि त्यांचे जीवाश्म झाले. चक्र म्हणजे त्या शंखाचे वेढे.

अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरच्या काळाबरोबर संपले. त्यांचा दूरचा नातलग नॉटिलस मात्र हिंदी व प्रशांत महासागरांच्या काही भागांत आजही जिवंत आहे. तो ऑक्टोपसच्या वर्गातला प्राणी. वाढ होऊ लागली की तो शंखात पुढे सरकतो आणि मागे पडदा घालून खोली बंद करतो. प्रौढ शंखात अशा सुमारे ३० खोल्या असतात. प्राणी राहतो फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत. सर्व खोल्यांतून एक बारीक नळी जाते. ती बंद खोलीतले पाणी शोषून घेते, त्या जागी वायू येतो, आणि जड शंख पाण्यात तोलला जातो. नॉटिलसला सुमारे ९० भुजा असतात. त्याच्या डोळ्यात भिंग नसते, नुसते छिद्र असते. आपण विज्ञानाच्या तासाला पुठ्ठ्याचा सूचीछिद्र कॅमेरा बनवतो, अगदी तसेच.

या प्राण्याला प्रौढ व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. अंडी थोडी, आणि ती उबायलाच सुमारे एक वर्ष. शोभेच्या शंखासाठी पकडलेल्यांची भर म्हणूनच लवकर निघत नाही. भारताने २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्यात घेतले. २०१६ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठरले.

ग्वाल्हेरहून समुद्र दूर खरा, पण सुट्टीत आपण पुरीला, गोव्याला जातोच. तेथे दुकानात तपकिरी पट्ट्यांचा हा शंख दिसला तर मुलांनी तो ओळखावा, पालकांनी विकत घेऊ नये. घरचा शाळिग्राम मात्र आजी-आजोबांना विचारून एकदा नीट पाहावा.